मुरबाडच्या ठकूबाई

बैलगाडी दवाखान्याच्या फाटकाशी थांबली की गाडीवानाचा पहिला सवाल ठरलेला असे. "ठकूबाय हाय का?"

'हाय' म्हटलं की मग दुखणाईत खाली उतरवायचा. 'नाय, येईल आत्ता' म्हटलं तर बैल सोडायचे आणि गाडीच्या सावलीत विडी पेटवून बसायचं. एकदा खुद्द डॉक्टर पायरीवर उभे होते. हात मोडलेली एक म्हातारी गाडीत कण्हत होती. डॉक्टर म्हणाले, "अरे, आणा तिला आत." म्हातारीच्या मुलाने हात जोडले. "ऱ्हाऊ द्या साहेब, तुमाला कशाला तरास? आमी थांबतो." डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "कंपाउंडर, माझी पाटी उतरवा आणि तिच्या नावाची लावा." रागावले नव्हते. चांगला माणूस होता तो. महिन्यातले दहा-बारा दिवस त्यांचे फिरतीवर जात, कधी देवीच्या लशी टोचायला, कधी पटकीच्या गावी, कधी ठाण्याला कोर्टात साक्षीला. त्या दिवसांत दवाखाना कोण चालवतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

मी मूळचा शहापूरचा. छत्तीस-सदतीसच्या सुमाराला कंपाउंडरची परीक्षा देऊन मुरबाडला रुजू झालो. आमच्या शहापूरला निदान आसनगावचं स्टेशन जवळ. मुरबाडला आगगाडी नाही. कल्याणहून मोटार यायची, तीही तिच्या लहरीने. दवाखाना म्हणजे कौलारू बैठी इमारत, पुढे पडवी, आत चार खाटा, माझी औषधांची खिडकी आणि मागच्या बाजूला ड्रेसिंगची खोली. कुऱ्हाड लागलेले, झाडावरून पडलेले, साप चावलेले, बैलाने भोसकलेले, सगळे थेट त्या खोलीत जात. ती खोली ठकूबाईची.

पहिल्या दिवशी मी पाहिली तेव्हा ती पस्तिशी ओलांडलेली बाई होती. उंची बेताची, हाडापेराने रुंद, पांढरं लुगडं काष्टा घालून नेसलेलं. मनगटांत दोन-दोन हिरव्या बांगड्या होत्या. कामाला लागताना ती त्या कोपरापर्यंत वर सरकवायची आणि पट्टीच्या चिंधीने बांधून टाकायची. कपाळावर ठसठशीत कुंकू. दवाखान्यात नोकरी करणारी बाई म्हणजे एकतर ख्रिस्ती, नाहीतर विधवा, असा त्या काळचा हिशेब. ठकूबाई दोन्ही नव्हती. पण नवरा कधी कोणी पाहिला नव्हता. दुपारी ती मागच्या पायरीवर बसून मिस्री लावायची, तेव्हा आमचा शिपाई सखाराम एकदा धीर करून म्हणाला होता, "बाय, हे कुंकू कोणाच्या नावाचं गो?" तिने चूळ भरली आणि म्हणाली, "माझ्या कपाळाचं. तू आपली खोली पूस."

तर तो पहिला दिवस. एक बाप आपल्या चार वर्षांच्या पोराला खांद्यावर टाकून पळत आला. पोराने नाकात चिंचोका घातला होता आणि ते रडून लालबुंद झालं होतं. मी चिमटा शोधायला धावलो. ठकूबाई मात्र पोरासमोर बैठक मारून बसली.

"नाव काय रे तुझं?"

पोर रडतंच.

"बाप सांगेल मग. नको, बापाला कुठं येतंय? तूच सांग."

हुंदके देत पोराने नाव सांगितलं. मग गाव कुठलं, घरी म्हैस आहे का, म्हशीचं नाव काय, सगळं विचारून झालं. मी चिमटा घेऊन उभा. मनात म्हटलं, ही काय दवाखान्याची रीत? तेवढ्यात तिने पोराची मोकळी नाकपुडी दाबली, बापाला म्हणाली, "याच्या तोंडावर तोंड लावून फुंक मार, जोरात." बापाने फुंकर मारली आणि चिंचोका टप्पकन माझ्या धोतरावर पडला.

दुखणं कितीही मोठं असो, माणूस आत आला की ती आधी नाव-गाव विचारायची. मला ते बरेच दिवस खटकत होतं. रक्त वाहतंय आणि हिचं आपलं 'नाव काय, गाव काय'. एकदा तसं बोलून दाखवलं. ती पट्ट्या गुंडाळत होती. म्हणाली, "भाऊ, नाव सांगताना माणूस किती दम घेतो ते ऐका. एका दमात सांगितलं तर आपल्याला वेळ हाय. अर्धं नाव बोलून थांबला तर वेळ नाय. आणि नावच आठवंना झालं तर डोक्याला मार बसलाय, पाय बघत बसू नका." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघताच, "आणि नाव घेतलं म्हणजे माणसाला वाटतं, आपण हाय अजून."

घाईच्या वेळी ती हळू बोलायची. जितकी घाई जास्त, तितका आवाज खाली. "घाई हाताला, जिभेला नाय," असं मला तिने किती वेळा सांगितलं असेल.

ती अक्षरं शिकली पंचविसाव्या वर्षी. मुंबईला बायकांच्या एका दवाखान्यात आया म्हणून लागली होती. तिथल्या मोठ्या नर्सबाईने तिच्या हाताचं कसब पाहून तिला पुढे ढकललं, शिकवलं, नर्सच्या परीक्षेला बसवलं. त्यामुळे बाटलीवरची चिठ्ठी ती बोट लावून, अक्षर अक्षर सोडवत, मोठ्याने वाचायची. मलाही वाचायला लावायची. मी चिडायचो. कंपाउंडरची परीक्षा पास झालेला माणूस मी, मला काय बाटल्या कळत नाहीत? एका दुपारी गर्दीत मी खिडकीतून डोळ्यांचं औषध म्हणून बाटली पुढे केली. ती म्हणाली, "वाचा." मी तोंडपाठ नाव म्हटलं. "तसं नाय, बोट लावून." बोट लावलं आणि पहिल्याच अक्षराला अडलो. ते जखम जाळायचं औषध होतं. समोर एक म्हातारा डोळे मिटून, मान वर करून, थेंबांची वाट बघत बसला होता.

ठकूबाईने बाटली माझ्या हातातून घेतली, जागेवर ठेवली, दुसरी आणली, बोट लावून वाचली आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत थेंब टाकले. डॉक्टरांना नाही, सखारामला नाही, मलाही पुन्हा कधी ती त्याबद्दल बोलली नाही. त्या दिवसापासून मी मोठ्याने वाचू लागलो. पुढे तीस वर्षं नोकरी केली, शेवटच्या दिवसापर्यंत वाचत होतो. तरुण कंपाउंडर मला हसायचे. हसू देत.

साप चावलेल्यांची मात्र आमची रड होती. माणसं आधी भगताकडे जात. तिथे एक दिवस, दोन दिवस मंत्र चालत. मग दोरीने करकचून बांधलेला, काळानिळा पाय घेऊन आमच्याकडे येत. डॉक्टर संतापायचे, भगताला पोलिसात देईन म्हणायचे. ठकूबाई एका रविवारी उठून त्या भगताच्या वाडीवर गेली. बरोबर मी होतो, म्हणून माझ्या कानांनी ऐकलेलं सांगतो. भगत अंगणात सूप विणत बसला होता. ही जाऊन शेजारी बसली, पाणी मागून प्याली.

"भगता, तुझा मंतर बसूनच म्हणावा लागतो का?"

"मंतर कसाबी म्हणावा. बसून, उभ्यानं."

"चालत्या गाडीत चालतो?"

भगताने विचार केला. "चालंल की. मंतराला काय गाडीचं."

"मग गाडी जुंपायची आणि मुरबाडच्या वाटंनं म्हणत यायचं. निम्मं तू कर, निम्मं आमी करतो. माणूस जगला तर नाव तुझं."

भगताने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "आणि मेला तर?"

"मेला तर आमचं."

पंधरा दिवसांत पहिली गाडी आली. मागे पोराचा पाय मांडीवर घेऊन भगत, तोंडाने मंत्र चालू. पाय वेळेवर आला होता. ठकूबाईने भगताला ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात बाकडं दिलं, "म्हण तू तुझं," म्हणाली. आत डॉक्टरांनी सुई भरली, बाहेर मंत्र चालला. डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण पोर जगलं. पुढे त्या बाकड्याचं नावच 'भगताचं बाकडं' पडलं.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना आणि कल्याणची मोटार कोळशाच्या गॅसवर चालू लागली. मागे भलंमोठं पिंप बांधलेलं, चढ आला की धापा टाकत थांबायची. त्या कोळशासाठी सिद्धगडाच्या बाजूला रानात जागोजाग भट्ट्या लागल्या होत्या. तिथे लाकूड तोडणारा बुध्या नावाचा एक ठाकर पोऱ्या, वीस-बावीस वर्षांचा, एका दुपारी झोळीत घालून आणला. कुऱ्हाड निसटून जांघेत बसली होती. इतकी वर, की आवळून बांधायला जागाच नाही. त्याच्या बापाने घोंगडीचा बोळा दाबून धरला होता. तो काढला मात्र, रक्ताची चिळकांडी माझ्या छातीपर्यंत आली.

डॉक्टर औषधं आणायला कल्याणला गेलेले. मोटार दोनला येणार होती. दीड वाजला होता.

ठकूबाईने खाटेवर गुडघा टेकला, जांघेच्या घडीत दोन्ही अंगठे एकावर एक रोवले आणि सगळा भार त्यांवर घातला. रक्त थांबलं.

"नाव काय रे?" आवाज एकदम खाली.

"बुध्या... वा..." आणि तो थांबला.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं.

"बुध्या, डोळे उघडे ठेव. घरी कोंबड्या किती?"

"सात."

"अंड्यावर किती बसल्यात?"

दोन वाजले. मोटार नाही. अडीच वाजले. तिचे हात थरथरू लागले, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळून नाकावर आलं. म्हणाली, "भाऊ, आता तुमी. माझ्या अंगठ्याच्या खाली सरका. हां. खाली ठोका लागतो का? तोच दाबायचा." मी अंगठे रोवले. त्या कोवळ्या मांसाखाली नाडी उडत होती, एखादं पाखरू हातात धरावं तशी. मी दाबलं होतं, पण नजर पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. एकदा नजर गेली आणि अंगठा निसटला. भळकन रक्त आलं. तिने मला खांद्याने बाजूला सारलं, पुन्हा अंगठे लावले.

"घड्याळ काय पळून जात नाय. याच्याकडं बघा."

सखारामला मी शाळेच्या मास्तरांची सायकल देऊन कल्याणच्या रस्त्याला पिटाळलं. मग आम्ही दोघं आळीपाळीने. ती कोंबड्यांवरून बकऱ्यांवर आली, बकऱ्यांवरून बुध्याच्या लग्नावर. "पोरगी बघितलीस का?" बुध्या डोळे अर्धे मिटून हसला. बाप कोपऱ्यात उकिडवा बसून रक्ताने भरलेल्या घोंगडीची दशी पिळत होता. एकदा तो उठून तिच्याजवळ आला. "बाय, गो, सोडून दे. तुजे हात मोडतील. याचं काय खरं नाय." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "म्हाताऱ्या, मागं जा आणि चुलीवरचं पाणी बघ. उकळलं तर सांग." पाणी केव्हाच उकळलेलं होतं. पण म्हातारा गेला, आणि तिथेच बसून राहिला, पाण्याकडे बघत.

चार वाजायला आले तेव्हा फाटकात सायकल वाजली. कोटपाटलुणीतले आमचे डॉक्टर, घामाने निथळत, सायकलवरून आले होते. मोटार अलीकडच्या चढावर बंद पडून बसली होती. सखारामकडून सायकल घेऊन ते तसेच निघाले होते. आत आले, हात धुतले, आणि ठकूबाईच्या अंगठ्याशेजारी वाकून शीर शोधून बांधली. "सोड आता," म्हणाले. तिला सोडता येईना. बोटं वळेनात. मी एक-एक बोट धरून सोडवलं.

पुढचे दोन दिवस तिला भाकरी मोडता आली नाही. सखाराम दुधात कुस्करून द्यायचा. बुध्या महिनाभर आमच्या खाटेवर होता. दिवाळीच्या आसपास लंगडत, पण आपल्या पायांनी, आला. काखेत एक कोंबडी. ठकूबाईने कोंबडी परत दिली आणि "अंड्यावरची उठवून आणलीस का रे मेल्या?" म्हणून त्याला फैलावर घेतलं.

आता जे सांगायचं ते मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

चवेचाळीसचा उन्हाळा असावा. त्या दिवसांत आमच्याकडे शेतकरी राबासाठी झाडांवर चढून फांद्या तोडतात, त्या पसरून भाताच्या रोपांची जमीन भाजायला. दर वर्षी पाच-सात जण पडायचे. वैशाखऱ्याच्या बाजूची एक गाडी आली. आत पन्नाशीचा एक कुणबी, मांडीचं हाड मोडलेलं, पाय भलत्याच दिशेला वळलेला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन तरणा पुतण्या बसला होता. बरोबर पस्तिशी-चाळिशीची बायको, चांगुणा तिचं नाव.

ठकूबाई हात पुसत बाहेर आली. गाडीत वाकली. आणि पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिने नाव विचारलं नाही. "आत घ्या," एवढंच म्हणाली.

खाटेवर घेतल्यावर मी रजिस्टर तिच्यापुढे केलं. रजिस्टरात नाव तीच लिहायची, मोठ्या, सुट्या अक्षरांत. तिने ते माझ्याकडे ढकललं. "तुमी लिहा."

मी चांगुणेला विचारलं, "नाव काय यांचं?" ती खाली बघू लागली. बाई नवऱ्याचं नाव कशी घेणार? मी ठकूबाईकडे पाहिलं. तीही खाली बघत होती. दोघी खाटेच्या दोन बाजूंना, दोघींच्या तोंडाला कुलूप. मधे तो कण्हत पडलेला.

शेवटी पुतण्याने नाव सांगितलं. कान्हू. मी लिहिलं, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

सखारामने दोन दिवसांत सगळं काढलं. सहा वर्षं संसार करून मूल झालं नाही, म्हणून कान्हूने चांगुणा आणली आणि ठकूबाईला बाहेरची वाट दाखवली. ती किन्हवलीकडे भावाकडे गेली, भावाने मुंबईला नेलं. पुढचं आम्हाला माहीत होतंच.

डॉक्टरांनी पाय फळीत घातला, पावलाला दोरी बांधून खाटेच्या टोकाशी कप्पीवरून विटा लटकावल्या. सहा-सात आठवडे असंच पडून राहायचं. ठकूबाई त्याचं सगळं करायची, इतरांचं करायची तसंच, ना कमी ना जास्त. फक्त एक होतं. सगळ्या दुखणाईतांना, पाटलापासून रानातल्या काथोड्यापर्यंत, ती अरे-तुरे करायची. याला 'तुमी' म्हणायची.

चांगुणा पडवीत तीन दगडांची चूल मांडून राहिली होती. सुरुवातीला ठकूबाई दिसली की पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करायची. एका दुपारी माझ्या खिडकीखाली दोघींचं बोलणं चाललेलं ऐकलं. चांगुणा विचारत होती, "बाई, बरे होतील ना हे?"

"होतील. काठी लागंल."

"बरे झाले म्हंजे तिसरी आणणार हायेत. सोळा वर्सांची पोरगी बघून ठेवलीय."

ठकूबाई पट्टी गुंडाळत होती. ती गुंडाळी पूर्ण झाली. मग तिने ती उगाच सोडली आणि पुन्हा गुंडाळू लागली. "आणि तू?"

"मी काय? तुमी गेलात तशी जायन. पर तुमाला भाऊ तरी व्हता. मला कोन हाय?"

ठकूबाईने पट्टी डब्यात टाकली आणि उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कान्हूचं अंग पुसायला बसली. मी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला औषध देत होतो.

"तिसरी आणताय म्हनं."

कान्हू आढ्याकडे बघत राहिला. "घराला वारस नको?"

"हात वर करा. हां." तिने काखेत फडकं फिरवलं. "एका शेतात सा वर्सं पेरलंत, नाय उगवलं. दुसऱ्यात वीस वर्सं पेरलंत, तिथंबी नाय. शेतकरी माणूस तुमी. तिसरं शेत घ्यायच्या आधी बियाणं बघावं का नाय?"

शेजारचा म्हातारा औषध पिता पिता ठसकला आणि भिंतीकडे वळून गदगदा हलू लागला. कान्हूचा चेहरा असा झाला की मला वाटलं, उठून निघून जाईल. पण पायाला विटा होत्या.

"आणि वारस कशाला शोधताय?" ती आवाज आणखी खाली आणून म्हणाली. "आठ कोस मांडीवर डोकं घेऊन कोणी आणलं तुमाला? तो कोण हाय?"

त्या दिवशी कान्हूने चांगुणेची भाकरी तशीच परत पाठवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, ती त्याच्या टाचेखालची घडी नीट करत होती तेव्हा, तो एकदम म्हणाला, "ठकू, मी तुला घालवली."

ठकूबाईचे हात थांबले. मी खिडकीत होतो, मला तिची पाठ दिसत होती. घडी पुन्हा सरळ करत ती म्हणाली, "पाय हलवू नका."

त्या संध्याकाळी ती मागच्या पायरीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. थोड्या वेळाने चांगुणा जाऊन तिच्या शेजारी, एक पायरी खाली, बसली. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. मी खिडकी लावून घरी गेलो.

तिसरी काही आली नाही. कान्हू काठी टेकत घरी गेला आणि पुतण्याला जवळ केला. चांगुणा मात्र दोन महिन्यांनी बोचकं घेऊन दवाखान्यात हजर. "घरात पुतण्याची बायको आलीय, माझं काय अडत नाय. मला इथं ठेवा." डॉक्टरांनी आया म्हणून ठेवून घेतली. ठकूबाईच्या खोलीत ती राहू लागली, आणि वर्षभरात पट्टी बांधायला, नाडी मोजायला शिकली. बाजाराच्या दिवशी कान्हू यायचा, भगताच्या बाकड्यावर बसायचा, नवं भात निघालं की दोघींसाठी तांदळाची पिशवी ठेवायचा. ठकूबाई त्याच्या घरी पुन्हा कधी राहायला गेली नाही. तो यायचा तेव्हा चहा मात्र स्वतः करून द्यायची. एकदा मी न राहवून विचारलं, "ठकूबाई, राग नाही आला कधी?"

"लय आला, भाऊ. मुंबईत पहिली दोन वर्सं रागावरच काढली. मग काम वाढलं." एवढं बोलून ती ड्रेसिंगच्या खोलीत गेली, कोणीतरी बोट कापून आलं होतं.

सत्तेचाळीस साली माझी बदली शहापूरला झाली. निघताना तिच्या पाया पडलो. वयाने ती काही फार मोठी नव्हती, पण मला दुसरं काही सुचलं नाही. तिने पाठीवर थाप मारली, चांगुणेने वाटेत खायला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट बांधून दिली.

त्याच्या पुढच्या पौषात मुरबाडजवळच्या म्हशा गावच्या जत्रेला घरच्या मंडळींना घेऊन गेलो. घोंगड्या घ्यायच्या होत्या. दुपारची वेळ, बैलांच्या खुरांची धूळ उडालेली, माणसांची ही गर्दी. मोठ्या लाकडी पाळण्याशी एक ओळखीचा माणूस दिसला. कान्हू. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बायकांच्या वहाणांचे दोन जोड, खांद्याला दोन पिशव्या.

"इथं काय करताय?" मी विचारलं.

त्याने हनुवटीने वर दाखवलं. "दोघी वर हायेत."

मी मान वर केली. पाळणा कुरकुरत फिरत होता. सर्वांत वरच्या पेटीत चांगुणा बसली होती, पदर वाऱ्यावर, तोंडभर हसत. आणि तिच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे घट्ट मिटून, ठकूबाई. जिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, ती सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशी ओरडत होती, "अरे थांबव रे मेल्या! आई गो! उतरव मला!"

पेटी खाली आली. पाळणेवाल्याने हात घालून ती धरली. मी हाक मारायला पुढे झालो. तेवढ्यात चांगुणा ओरडली, "नको रे, सोड! अजून एक फेरा!" आणि ठकूबाई, डोळे न उघडताच, "हां, एकच," म्हणाली.

पाळणेवाल्याने पेटी ढकलली. कान्हूने वहाणा दुसऱ्या हातात घेतल्या आणि पुन्हा वर बघत उभा राहिला. मागून माझी बायको हाका मारत होती, घोंगडीवाला दुकान आवरत होता. मी थोडा वेळ तसाच थांबलो. उन्हात ठकूबाईचं पांढरं लुगडं वर वर जाताना दिसत होतं.